व्हीटी म्हणजे बोरीबंदर

आठवीपर्यंत माझी हजेरी चुकायची. मी वर्गात असायचेच, पण बाईंनी "बत्तीस" म्हटलं की माझ्या तोंडून "हजर" इतकं बारीक यायचं की ते पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचं नाही. बाई गैरहजेरीची खूण करणार, एवढ्यात शेजारून आवाज यायचा, "बाई, ती हजर हाय." ती संघप्रिया. तिचा नंबर एकतीस. स्वतःची हजेरी दिली की ती खाली बसायची नाही, माझी लागेपर्यंत उभी राहायची.

हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायचा धीर होणार नाही.

नववीत गणपतीत आमच्या गावच्या मंडळानं वक्तृत्व स्पर्धा ठेवली. नावं कमी पडली म्हणून बाईंनी मला ढकललं. माइकसमोर उभी राहिले आणि काय झालं कुणास ठाऊक, माझाच आवाज मला बाहेरून ऐकू आला. कर्ण्यातून. देवळावरून, दूध डेअरीवरून, पार उसापर्यंत गेलेला! पहिला नंबर आला. त्या दिवशी जे तोंड उघडलं ते मिटलंच नाही. परिपाठाला बातम्या मी वाचायच्या, गॅदरिंगला सूत्रसंचालन मी करायचं, शेजारच्या बायकांच्या भांडणात साक्षीदार पण मीच. नाव साक्षी आहे म्हणून नव्हे, बोलायला मिळतं म्हणून. आई म्हणायची, "भवाने, मधी श्वास तरी घे."

आमच्या गावाच्या मागंच उजळाईवाडीचा विमानतळ आहे. विमानतळ म्हणजे लांबलचक धावपट्टी, एक बसकी इमारत, वारा दाखवणारी लाल-पांढरी पिशवी आणि चहूबाजूंनी गवत. शहाण्णव सालच्या त्या हिवाळ्यात आठवड्यातून काही दिवस मुंबईचं छोटं विमान यायचं. अधूनमधून कुणा पाहुण्यांचं पांढरं विमान, नाहीतर हेलिकॉप्टर. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही पाच-सहा जणी तारेच्या कुंपणापाशी जायचो. स्वेटर, कानाला मफलर, खिशात शेंगा. लांबून गुऱ्हाळाचा वास यायचा आणि गवतावर धुकं बसलेलं असायचं. विमान उतरून वळायला कुंपणाच्या टोकाशी यायचं, तेव्हा त्याच्या अंगावरची अक्षरं वाचता यायची.

त्या अक्षरांची आम्ही वही केली होती. कल्पना माझी, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे पहिल्यांदा एका कागदावर नंबर उतरवून घेतला तो संघप्रियानं. मी त्याला वही आणली आणि वरती माझं नाव घातलं. तारीख, वेळ, नंबर, कुठून आलं, शेरा, असे पाच रकाने. अक्षर मात्र सगळं तिचं, कारण माझं अक्षर मलाच लागत नाही.

प्रत्येक नंबराच्या सुरुवातीला व्हीटी होतं. एका रविवारी आमच्यातल्या सलिमानं विचारलं, "व्हीटी म्हंजे काय गं?"

मला असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. आमच्या पप्पांचा, बाळासोंचा, टेम्पो आहे. त्यामुळं गाड्यांचे नंबर मला तोंडपाठ. मी कुंपणाच्या दगडावर चढले.

"ऐका. आपल्या टेम्पोवर एमएच झिरो नाइन हाय. का? आपण कोल्हापूर. धा म्हंजे सांगली, अकरा सातारा, बारा पुणं. तसं व्हीटी म्हंजे मुंबई. बोरीबंदरचं व्हीटी स्टेशन! विमान मुंबैवरनंच येतंय तर दुसरं काय लिवतील?"

"पण त्या स्टेशनचं नाव बदललं की यंदा," सलिमा म्हणाली.

"मग विमानं बी परत रंगवायला लागणार. एका दिवसात हुतंय व्हय? सरकारी काम हाय ते."

सगळ्यांना पटलं. कुंपणापलीकडून पिराजीतात्या, तिथले पहारेकरी, त्यांनीसुद्धा मान हलवली. "पोरगी हुशार हाय बाळासोची."

तेव्हा संघप्रिया खाली बघत म्हणाली, "भारतातल्या सगळ्याच विमानांवर व्हीटी असतंय. दिल्लीच्या बी. मद्रासच्या बी. देशाचं अक्षर हाय ते."

"तुला कोण सांगितलं?"

"मामानं. मामा सांताक्रूझला विमानात कामाला हाय."

"पायलट हाय?"

"न्हाय. विमान रिकामं झालं की आत झाडून काढतोय."

मी एक क्षणसुद्धा थांबले नाही. थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्या महिन्यात मी थांबतच नव्हते.

"मग त्याच्या झाडूवर बघितलं आसंल व्हीटी!"

सगळ्या हसल्या. पिराजीतात्याही हसले. आणि संघप्रिया पण हसली, थोडीशी, ओठांच्या एका कोपऱ्यानं. मला तेव्हा वाटलं, बघा, तिला पण आवडलं.

झाडू हा शब्द मी कुणाला म्हणाले ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. संघप्रियाचं घर गावात कुठल्या बाजूला आहे, बुद्धविहाराच्या मागं, ते मला पहिलीपासून माहीत आहे. तो शब्द मुद्दाम शोधला नव्हता एवढंच. पण न शोधता सापडला, याची मला जास्त लाज वाटते.

वहीत मी प्रत्येक ओळीत "कुठून आलं" खाली तिच्याकडून "व्हीटी, मुंबई" लिहून घेतलं. ती लिहायची. एकदाही वाद घातला नाही.

मग डिसेंबरच्या शेवटी बिद्रीकडं कसला तरी कार्यक्रम होता. पांढरं चकचकीत विमान उतरलं. पिराजीतात्या ओरडले, "पावणं दिल्लीवरनं आल्यात! थेट!" आणि त्याच्या अंगावर ठळक, काळ्या अक्षरात व्हीटी.

मी घरी येऊन वही उघडली. तेवीस नोंदी. मुंबईचं विमान, हेलिकॉप्टर, पाहुण्यांचं ते दोन पंख्यांचं, सगळ्यांना व्हीटी. पप्पांच्या टेम्पोच्या हिशोबानं सगळं हिंदुस्थान बोरीबंदरला राहायला होतं. मी "व्हीटी, मुंबई" तेवीस वेळा खोडलं. इतकं दाबून खोडलं की पाठीमागच्या पानावर उठलं. संघप्रियाला काही बोलले नाही. बोलायचं कसं? माझी चूक सांगायला मला आवाजच फुटेना, आणि बाकी सगळ्याला तर कर्णा लागला होता.

जानेवारीत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलं. विज्ञानाच्या सरांनी आमची वही बघितली आणि खूश झाले. "आपल्या आकाशातली विमानं असा तक्ता करा. दोघी मिळून. साक्षी बोलेल, संघप्रिया चित्रं काढेल." तिनं चित्रं अशी काढली की विमानाच्या चाकातला चिखलसुद्धा दिसत होता. खाली एका चौकोनात तिनं स्वतःहून लिहिलं: व्हीटी, भारतीय विमानांचं देशाचं अक्षर. मी ते वाचलं. ती माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "रंग जरा गडद कर की."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून गर्दी. तक्ता आपोआप गुंडाळला जायचा, सरळ राहायचा नाही, म्हणून संघप्रिया त्याचं एक टोक धरून उभी. मी छडी घेऊन बोलत होते. घसा बसेपर्यंत बोलत होते! दुपारी परीक्षक आले. पांढऱ्या मिशांचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. आता सांग, व्हीटी म्हणजे काय?"

"भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानाच्या क्रमांकाची सुरुवात या अक्षरांनी होते, सर. जशी प्रत्येक देशाची वेगळी असते."

"शाब्बास. हे कुठं वाचलंस?"

इथं मी एवढंच म्हणायचं होतं, हिच्या मामानं सांगितलं. पाच शब्दसुद्धा नव्हते. पण समोर चाळीस माणसं, मागं आमचे सर, आणि माझ्या जिभेवर एक विनोद तयार.

"शोधून काढलं, सर. सोपं नव्हतं. आमच्याच गटात काही जणांना आधी वाटायचं की व्हीटी म्हणजे बोरीबंदर!"

हशा पिकला. परीक्षक मिशीत हसले.

आमच्या गटात दोघीच होतो.

परीक्षक संघप्रियाकडं वळले. "काय गं, तुला वाटायचं होय? विमान काय प्लॅटफॉर्मवर लावतात?"

परत हशा. संघप्रिया माझ्याकडं बघायला लागली. रागानं नव्हे. आठवीत बाईंनी "बत्तीस" म्हटल्यावर ती जशी थांबायची, तशी. मी बोलेन म्हणून.

मी छडीचं टोक बघत होते.

"ही काय करते?" परीक्षकांनी मला विचारलं.

"ती चार्ट धरते, सर."

ते वहीत काहीतरी लिहून पुढं गेले.

तासाभरानं संघप्रियाचा मामा आला. सुट्टीवर आला होता, खास हे बघायला. नाव बुद्धभूषण. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. तक्ता त्यानं वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग माझ्याकडं बघितलं.

"तू साक्षी न्हवं? प्रिया पत्रात तुझंच लिवती. माझी मैत्रीण लई भारी बोलती म्हणून." त्यानं पिशवीतून प्लास्टिकचा जाड कागद काढला. विमान पाण्यात उतरलं तर काय करायचं त्याची चित्रं होती त्यावर. "सीटच्या खिशात असतोय ह्यो. जुना झालेला, सायबाला इचारून आणलाय. दोघींत एकच हाय, भांडू नका."

मी हात पुढं केला नाही. त्यानं तो तक्त्यापाशी ठेवला.

"व्हीटीचं इचारलं का न्हाय परीक्षकांनी?"

"इचारलं की," संघप्रिया म्हणाली.

"मग? सांगितलं का बरोबर?"

"सांगितलं. साक्षीनं सांगितलं."

एवढंच. बाकीचं तिनं मामाला सांगितलं नाही. मला वाटलं होतं की ती सांगेल. सांगितलं असतं तर मी काहीतरी थाप मारून निसटले तरी असते.

आमचा पहिला नंबर आला. पुढं जिल्ह्याला जायचं होतं. सोमवारी परिपाठाला सरांनी जाहीर केलं आणि मला माइकवर बोलावलं. "साक्षी, परीक्षकांनी काय विचारलं आणि तू काय उत्तर दिलंस, सगळ्यांना सांग. तो बोरीबंदरचा किस्सा पण सांग!"

म्हणजे किस्सा माझ्या आधी शाळेत पोचला होता. नववी ब च्या रांगेतून एक पोरगं तोंडानं गार्डाची शिट्टी वाजवत संघप्रियाकडं बघत होतं. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

मी माइकपाशी गेले. लिहिताना मी "गेले" लिहिते, पण आम्ही कोल्हापूरच्या मुली बोलताना "गेलो" म्हणतो. माइकवर मात्र मी कायम पुस्तकातलं बोलायचे. त्या दिवशी पुस्तकातलं एक वाक्य निघेना.

"बोरीबंदर म्हणत होतो ते मी," मी म्हणाले.

"ऐकू येईना!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बोरीबंदर मी म्हणत होतो. संघप्रिया न्हाय."

"मोठ्यानं की गं! आज काय झालंय हिला?"

तिसऱ्यांदा बोलले तेव्हा आवाज एवढा मोठा निघाला की कर्णा किंचाळला. "माझी चूक हाय ती! तिला पयल्यापासनं बरोबर माहीत होतं. तिच्या मामानं सांगितलं होतं. मी परीक्षकांसमोर तिच्यावर ढकललो!"

कुणी हसलं नाही. सरांनी माइक माझ्या हातातून घेतला आणि हळूच म्हणाले, "हे इथं सांगायची गरज होती का?" मग राष्ट्रगीत सुरू झालं.

मला वाटलं, झालं. सुटले. छाती हलकी झाली, खरंच. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी मी संघप्रियाला गाठलं. मला शाब्बासकी हवी होती बहुतेक, हे लिहायला कसंतरीच वाटतं.

ती बाटली भरत होती. "आता सांगितलीस व्हय."

"चुकलं माझं."

"हं."

"सगळ्यांसमोर सांगितलो की."

तिनं बाटलीचं बूच लावलं. "आणि झाडूचं?"

एवढं म्हणून गेली.

मी टाकीपाशी उभीच. घंटा झाली तरी उभी. बोरीबंदरचं सांगणं सोपं होतं, कारण ती नुसती अक्कल कमी असल्याची गोष्ट होती. लोक हसतात आणि विसरतात. झाडूचं तसं नव्हतं. तो विनोद सगळ्यांना आवडला होता. ते मी माइकवर कसं सांगणार होते, आणि सांगितलं तर परत कोण कोण हसलं असतं, तेही मला माहीत होतं.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. दारात उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या दारापर्यंतच यायचे, हाक मारायचे, ती बाहेर यायची. मामा संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होता, बॅगेची चेन लागत नव्हती म्हणून गुडघा टेकवून बसला होता.

"ये की आत. प्रिया, बघ कोण आलंय."

मी आत गेले. संघप्रिया चुलीपाशी होती, वळली नाही. मी उभ्यानंच सांगितलं. कुंपणापाशी काय म्हणाले ते, जसंच्या तसं. झाडू हा शब्द दोनदा अडकला, तिसऱ्यांदा म्हणाले. आईशप्पथ, दोनशे पोरांसमोर बोलण्यापेक्षा त्या एका खोलीत बोलणं अवघड होतं.

मामा चेनशी झटत राहिला. मग हसला. "झाडू कुठला गं विमानात? मशीन असतंय. हितं खांद्याला पट्टा अडकवायचा, गुर्रर्र करतंय. ते बी चुकलंच की तुझं."

मी हसावं की रडावं ते मला कळेना. तोवर त्याचं हसू गेलं होतं.

"पण तू ज्या झाडूचं म्हणालीस न्हवं, त्यो म्हाईत हाय मला. माझ्या आईच्या हातात असायचा. पाटलाच्या दारापासनं चावडीपतूर." चेन लागली. त्यानं बॅग उभी केली. "बस. च्या पिऊन जा."

मी चहा प्यायले. संघप्रियानं कप माझ्यापुढं ठेवला, पण बोलली नाही. निघताना दारात आली.

"जिल्ह्याला माझं नाव काढायला सांगू का सरांना?" मी विचारलं.

"का म्हणून?"

"मग?"

"मी बोलतो," ती म्हणाली. "तू चार्ट धर."

सर नाराज झाले. म्हणाले, नंबर जाणार. संघप्रिया म्हणाली, जाऊ दे.

जिल्ह्याच्या प्रदर्शनाला मी चार्टचं टोक धरून उभी राहिले. हात इतके दुखतात हे मला माहीत नव्हतं. एका हातानं धरलं तर विमान वाकडं होतं, म्हणून दोन्ही हात वर. नाक खाजलं तरी खाजवता येत नाही. परीक्षक बाई आल्या. संघप्रियानं सुरुवात केली, बारीक आवाजात, खाली बघत.

"मोठ्यानं बोल बाळ, ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. शब्द न् शब्द पाठ होता. ती अडली तर मी पुढचं म्हणून टाकेन, बाई, तिला असं म्हणायचंय, असं अगदी ओठांवर आलं. आठवीत ती माझ्यासाठी बोलायची, तसंच की! पण तसंच नव्हतं ते. ती बोलायची तेव्हा हजेरी माझी लागायची. मी बोलले असते तर परत माझीच लागली असती.

मी दात दाबले आणि कागद घट्ट धरला.

तिनं मान वर केली आणि परत पहिल्यापासून सांगितलं. व्हीटीपाशी आल्यावर म्हणाली, "हे मला माझ्या मामानं सांगितलं. ते मुंबईला विमानात साफसफाईचं काम करतात." ते शब्द तिनं सगळ्यांत मोठ्यानं म्हटले. बाई मान डोलावत होत्या.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "आणि तू काय करतेस?"

"चार्ट धरते," मी म्हणाले.

"अं? ऐकू आलं नाही."

मी संघप्रियाकडं बघितलं. ती समोर बघत होती.

"चार्ट धरते, बाई," मी परत म्हणाले.